पाच लाख मागितले, ऐंशी कोटी आले: अंतराळ गेमच्या लोकवर्गणीचा हिशेब

१९ नोव्हेंबर २०१२ ला किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवरची 'स्टार सिटिझन' या अंतराळ गेमची वर्गणी बंद झाली, तेव्हा गल्ल्यात २१,३४,३७४ डॉलर होते. मागितले होते ५ लाख. देणारे ३४,३९७ जण. कंपनीच्या स्वतःच्या साइटवरही पैसे येत होते. ते धरून आकडा ६२ लाखांच्या वर गेला. गेम हातात द्यायचा वायदा होता नोव्हेंबर २०१४ चा. तो हुकला, पुढचेही हुकले. २०२५ मध्ये जमा रक्कम ८० कोटी डॉलरच्या पुढे सरकली, तेव्हाही गेम अल्फा अवस्थेत होता, म्हणजे खेळता येतो पण अर्धाकच्चा.

यावर लोकांची मतं ठरलेली असतात. कुणी म्हणतं सरळसरळ लूट आहे, कुणी म्हणतं एवढं मोठं काम आहे, वेळ लागणारच. कागदावर हिशेब मांडला की दोन्ही मतं जराशी सैल होतात.

नक्की विकत काय घेतलं?

गणपतीची वर्गणी दिली की पावती मिळते, प्रसाद मिळतो. मंडळाने मांडव केवढा घातला यावर आपला हक्क नसतो. फ्लॅट बुक केला तर गोष्ट वेगळी: रेरा कायद्यानुसार बिल्डरला ग्राहकांकडून आलेल्या पैशातले ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात आणि त्याच प्रकल्पावर खर्चावे लागतात. शेअर घेतला तर कंपनीचा बारीकसा का होईना, तुकडा आपला असतो. गेमच्या क्राउडफंडिंगमध्ये पैसे देणारा मनाने फ्लॅट बुक करत असतो, पण कागदावर तो मांडवाच्या वर्गणीच्या बराच जवळ उभा असतो. वेगळं खातं नाही, हिस्सा नाही. गेम झाला तर एक प्रत आणि सोबत ठरलेल्या भेटी, एवढंच.

हे किती शब्दशः खरं आहे ते २०१८ च्या डिसेंबरात दिसलं. संगीत व्यवसायातले अब्जाधीश क्लाइव्ह काल्डर आणि त्यांच्या मुलाने 'स्टार सिटिझन' बनवणाऱ्या क्लाउड इम्पेरियम गेम्समध्ये ४ कोटी ६० लाख डॉलर गुंतवले आणि त्यांना सुमारे १० टक्के हिस्सा मिळाला. तोवर खेळाडूंनी मिळून २० कोटींच्या वर दिले होते. त्यांचा हिस्सा शून्य. यात नियमबाह्य काहीच नव्हतं, अटींत पहिल्या दिवसापासून तसंच होतं.

एकवीस लाखांत किती माणसं?

गेमचा खर्च म्हणजे मुख्यतः पगार. अमेरिका-युरोपात एका माणसामागे महिन्याला १० हजार डॉलर धरायची जुनी पद्धत आहे. त्यात पगार, विमा, जागेचं भाडं, संगणक, सॉफ्टवेअरचे परवाने सगळं आलं. अंदाज ढोबळ आहे, पण कुठल्याही क्राउडफंडिंगच्या पानावर हा एक भागाकार करून बघितला तरी पुष्कळ कळतं.

जमलेल्या रकमेतून किकस्टार्टर ५ टक्के घेतं. कार्डावरून पैसे वळते करणारी यंत्रणा आणखी ३ ते ५ टक्के कापते. २१ लाख ३४ हजारांतून हे गेलं की हाती येतात साधारण १९ लाख ४० हजार. भागिले १० हजार, म्हणजे १९४ माणूस-महिने. वीस जणांची टीम असेल तर साडेनऊ महिन्यांत गल्ला रिकामा. साइटवरचे धरून ६२ लाख घेतले, कापाकापी वजा केली, तर साधारण तेवीस माणसं दोन वर्षं. या तेवीसमध्ये प्रोग्रामर आले, जहाजं आणि शहरं घडवणारे कलाकार आले, अॅनिमेशन, आवाज, कथा, सर्व्हर सांभाळणारे आणि चुका शोधणारे टेस्टरही आले. टोस्ट भरपूर आणि लोण्याची वडी एकच, तशातली गत.

म्हणजे मुळात हिशेब चुकला होता का? तर तसंही नाही. गेमचे कर्ते क्रिस रॉबर्ट्स यांची मूळ योजनाच अशी होती की लोकवर्गणीतून मागणी सिद्ध करायची आणि तो आकडा दाखवून मोठा पैसा खासगी गुंतवणूकदारांकडून आणायचा. त्या वर्षी वातावरणही तापलेलं होतं. फेब्रुवारी-मार्च २०१२ मध्ये डबल फाइन या स्टुडिओने ४ लाख मागून ३३ लाख डॉलर मिळवले होते, आणि प्रकाशक ज्या प्रकारांकडे ढुंकून बघत नव्हते त्यांना एकदम वाट सापडली होती. अंतराळातले उड्डाणाचे गेम त्यातलेच. 'स्टार सिटिझन'च्या बाबतीत वर्गणी थांबलीच नाही, म्हणून गुंतवणूकदारांची गरज लांबली. आणि इथूनच गाडी वेगळ्या रुळावर गेली.

साधारणपणे मोहीम संपते, गल्ला बंद होतो, आणि आहे त्या पैशात काय बसवायचं ते कापाकापी करून ठरतं. पैशाची मर्यादा हा गेम बनवणाऱ्याचा सगळ्यात कडक मुकादम असतो. तो मुकादम इथे कामावर आलाच नाही.

वाढीव टप्पे आणि न बांधलेली जहाजं

मागितलेली रक्कम पूर्ण झाल्यावर लोकांनी थांबू नये म्हणून वाढीव टप्पे जाहीर करतात: इतके जमले तर हे देऊ, तितके जमले तर तेही देऊ. टप्प्यांची गोम अशी की पैसा बेरजेने वाढतो आणि काम गुणाकाराने. पाच जहाजांच्या गेममध्ये एक नवं शस्त्र घातलं की पाच ठिकाणी तपासावं लागतं, शंभर जहाजांच्या गेममध्ये शंभर ठिकाणी. २०१२ च्या टप्प्यांमध्ये शंभर तारामंडळांचं आश्वासन होतं. डिसेंबर २०२४ मध्ये अल्फा ४.० आला तेव्हा खेळाडूंना फिरता येण्याजोगी तारामंडळं झाली दोन: स्टॅन्टन आणि पायरो. टप्प्यांची यादी ६ कोटी ५० लाख डॉलरवर थांबवली गेली, २०१४ च्या अखेरीस, म्हणजे जेव्हा गेमच हातात यायचा होता तेव्हा.

टप्पे थांबले, विक्री थांबली नाही. विक्री कशाची, तर गेममधल्या जहाजांची. आधी चित्र निघतं, त्यावर वर्णन आणि किंमत येते, लोक पैसे भरतात, आणि जहाज प्रत्यक्ष बांधलं जातं नंतर. २०१४ मध्ये 'जॅव्हलिन' ही युद्धनौका २,५०० डॉलरना विक्रीला आली, फक्त २०० नग. बघता बघता संपली. गुणाकार करून बघा: ५ लाख डॉलर. किकस्टार्टरवर अख्ख्या गेमसाठी मागितलेली रक्कम एका न बांधलेल्या जहाजातून आली. २०१८ मध्ये जवळपास सगळी जहाजं एकत्र असलेला 'लेगेटस' नावाचा संच २७ हजार डॉलरना ठेवला गेला होता.

विकलेलं प्रत्येक जहाज ही कामाची उधारी असते. त्याला आतून चालता येण्याजोगे मजले लागतात, कॉकपिट लागतं, चाकं आत-बाहेर होण्याची हालचाल, गोळी लागल्यावर कुठला भाग कसा तुटेल याची वेगळी घडण, दुरून बघताना लागणारी हलकी मॉडेलं, शिवाय उड्डाणाचा समतोल. मोठ्या जहाजाला अनेक जणांचे अनेक महिने जातात. २०१३ मध्ये विक्रीला आलेलं 'बानू मर्चंटमन' हे व्यापारी जहाज दहा वर्षांनंतरही उडवता येत नव्हतं. दरम्यान गेमची चित्रं, प्रकाश, नियम बदलत राहतात, त्यामुळे आधी बांधलेली जुनी जहाजं पुन्हा बांधावी लागतात. खेळाडूंच्या बोलण्यात यासाठी 'रीवर्क' हा शब्द इतका रुळला आहे की तो ऐकून कुणाला आश्चर्य वाटत नाही.

नको असलेलं जहाज परत करता येतं, त्याला 'मेल्ट करणं' म्हणतात. पण त्याचे पैसे बँकेत येत नाहीत, दुकानातली पत म्हणून खात्यात जमा होतात. ती पत वापरायला पुन्हा दुकानातच जायचं.

आता पगाराकडे या. गेल्या काही वर्षांत कंपनीची माणसं हजाराच्या वर गेली. आपल्या ढोबळ दराने हजार माणसं म्हणजे वर्षाला १२ कोटी डॉलर. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षांत वर्गणी १० कोटींच्या वर, १२ च्या आत होती. म्हणजे या वर्षी विकलेल्या जहाजांवर या वर्षीचे पगार निघतात, आणि विकलेली जहाजं बांधायला पुढच्या वर्षीचे पगार लागतात. असल्या चक्रात विक्री एक वर्ष थांबवून निवांत काम उरकावं, ही मुभा राहत नाही.

मीटर कुठे हरवतात

पैशाने सुटत नाहीत अशा अडचणी समजायच्या असतील तर एकच उदाहरण नीट बघितलेलं बरं. गेममध्ये प्रत्येक वस्तूची जागा आकड्यांत लिहिलेली असते: मध्यबिंदूपासून इतके मीटर पूर्वेला, इतके वर, वगैरे. 'स्टार सिटिझन'ने क्रायइंजिन घेतलं. इंजिन म्हणजे गेम ज्यावर उभा राहतो ते तयार सॉफ्टवेअर. हे इंजिन पायी चालून गोळीबार करायच्या गेमसाठी बनलेलं, जिथे मैदान काही किलोमीटरचं असतं. अशी इंजिनं जागा लिहायला ३२ बिटांचा दशांश आकडा वापरतात. त्यात साधारण सात अंक नेमके राहतात, बाकी गळतात.

मध्यबिंदूपासून ८ किलोमीटरवर या आकड्याची बारीकी, म्हणजे लागोपाठच्या दोन जागांमधली फट, साधारण अर्धा मिलिमीटर असते. काही बिघडत नाही. १,००० किलोमीटरवर ती ६ सेंटिमीटर होते: हातातली बंदूक थरथरताना दिसते, दारं चौकटीत बसत नाहीत. १०,००० किलोमीटरवर बारीकी एक मीटर. माणूस चालताना एका मीटरवरून थेट पुढच्या मीटरवर उडी मारतो. आणि पृथ्वी-सूर्य अंतरावर, म्हणजे १५ कोटी किलोमीटरवर, लागोपाठच्या दोन लिहिता येण्याजोग्या जागांमध्ये १६ किलोमीटरची फट पडते. मुंबईच्या सीएसएमटीला उभं राहायचं नाहीतर थेट घाटकोपरच्या आसपास, मध्ये कुठेही पाय टेकायचा नाही.

उपाय माहीत आहे: ६४ बिटांचा आकडा. त्याच अंतरावर त्याची बारीकी ०.०३ मिलिमीटर. पण इंजिनमध्ये जागेचा आकडा एका ठिकाणी नसतो. टक्कर ओळखणारा भाग, आवाज, अॅनिमेशन, सर्व्हरला निरोप पाठवणारा भाग, सगळीकडे तो पसरलेला असतो, आणि सगळीकडे बदलावा लागतो. त्यातून ग्राफिक्स कार्ड ३२ बिटांवरच जोमाने चालतं. म्हणून आधी ६४ बिटांत कॅमेऱ्याची जागा वजा करायची, उरलेलं छोटं अंतर ३२ बिटांत उतरवायचं आणि मगच चित्र काढायचं. हे काम झालं, चांगलं झालं. त्यासाठी लागणारी माणसं दुर्मीळ होती. फ्रँकफर्टमध्ये क्रायइंजिन बनवणाऱ्या क्रायटेकला पगार देताना ओढाताण होत होती, त्या काळात तिथले बरेच अनुभवी इंजिनियर क्लाउड इम्पेरियमच्या नव्या ऑफिसात आले. इंजिनचा पाया बदलत असताना वरच्या मजल्यावर जहाजं बांधणं चालूच होतं, आणि पाया हलला की वरचं पुन्हा बांधणं आलं.

दुसरी अडचण सर्व्हरची. ५० खेळाडू एका ठिकाणी असतील तर प्रत्येकाची हालचाल उरलेल्या ४९ जणांना कळवायची: २,४५० निरोप. ५०० असतील तर २,४९,५००. खेळाडू दहापट, निरोप शंभरपट. एकच मोठा संगणक घेऊन हे सुटत नाही. आकाश तुकड्यांत वाटून प्रत्येक तुकडा वेगळ्या सर्व्हरला द्यायचा आणि सीमेवरून जाणारं जहाज, आतल्या माणसांसकट आणि हवेत असलेल्या गोळीसकट, एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे सोपवायचं, याला सर्व्हर मेशिंग म्हणतात. हेच अल्फा ४.० मध्ये खेळाडूंच्या हाती आलं, वायदा हुकल्यानंतर दहा वर्षांनी.

त्याच हिवाळ्यातला दुसरा गेम

तुलनेला उत्तम जोडीदार आहे. ५ नोव्हेंबर २०१२ ला केंब्रिजच्या फ्रंटियर डेव्हलपमेंट्सने 'एलिट: डेंजरस'साठी किकस्टार्टरवर १२ लाख ५० हजार पौंड मागितले. ४ जानेवारी २०१३ पर्यंत २५,६८१ जणांनी १५,७८,३१६ पौंड दिले. सरासरी काढली तर गंमत दिसते: इथे माणशी ६१ पौंड, तिथे माणशी ६२ डॉलर. आकडे सारखे, पण पौंड डॉलरहून महाग: डॉलरवाल्यांनी सरासरी साधारण एका नव्या मोठ्या गेमच्या किमतीएवढे दिले, पौंडवाल्यांनी त्याहून बरेच जास्त.

मार्च २०१४ चा अंदाज होता, गेम आला १६ डिसेंबर २०१४ ला. नऊ महिने उशीर, या धंद्यात ही वक्तशीर मंडळी. जमलं कसं? फ्रंटियरचे संस्थापक डेव्हिड ब्रेबेन १९८४ पासून याच कामात मुरलेले. इयन बेल यांच्यासोबत त्यांनी केलेला मूळ 'एलिट' ३२ किलोबाइट मेमरीच्या बीबीसी मायक्रो या घरगुती संगणकावर चालायचा आणि त्यात ८ दीर्घिका, प्रत्येकी २५६ ग्रहमालिका होत्या. त्या साठवलेल्या नव्हत्या. एक बीज-आकडा घ्यायचा, ठरलेल्या सूत्रातून फिरवायचा, आणि त्यातून नाव, जागा, बाजारभाव निघायचे. बीज तेच असेल तर प्रत्येक वेळी तेच. २०१४ मध्ये हीच युक्ती वापरून ४० हजार कोटी तारामंडळांची आकाशगंगा उभी केली. इंजिन घरचं होतं, कोब्रा नावाचं, त्यामुळे पाया बदलण्याचा खर्च नाही. खेळाडू-खेळाडूंमधला संपर्क बराचसा त्यांच्या संगणकांमध्येच थेट ठेवला, त्यामुळे सर्व्हरचं ओझं कमी.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पहिल्या दिवशी काय नसेल ते कठोरपणे ठरवलं. ग्रहावर उतरता येत नव्हतं, जहाजातून उठून चालता येत नव्हतं. उतरणं आलं डिसेंबर २०१५ मध्ये, तेही हवा नसलेल्या ग्रहांवर. चालणं आलं मे २०२१ मध्ये. आले तेव्हा दोन्हींचे पैसे वेगळे होते. 'चाळीस हजार कोटी तारे आणि सगळे सारखेच' ही कुरकुर खेळाडूंमध्ये नेहमीची आहे, आणि ती रास्त आहे. सूत्रातून आलेल्या ग्रहाला गल्लीबोळ नसतात.

यांचंही एक वचन मोडलं. एकट्याने, इंटरनेटशिवाय खेळता येईल असं मोहिमेत सांगितलं होतं. गेम यायच्या महिनाभर आधी ते रद्द झालं. आकाशगंगेतले व्यापार आणि घडामोडी सर्व्हरवर चालत असल्याने इंटरनेटशिवायचा गेम पोकळ होईल, हे कारण पटण्यासारखं होतं. ज्यांनी त्या एका ओळीसाठी पैसे दिले होते त्यांना ते पटलं नाही, आणि परताव्यावरून बरीच ओरड झाली.

पैसे परत मागायचे तर

किकस्टार्टरच्या अटींनुसार करार असतो देणारा आणि बनवणारा यांच्यात, किकस्टार्टर त्यात पक्ष नाही. बनवणाऱ्याला जमलं नाही तर पैसे कशावर गेले ते त्याने सांगायचं आणि उरलेले परत करायचे. न उरलेल्यांचा प्रश्न उरतोच. सरकारने हात घातल्याचं गाजलेलं उदाहरण लहानसं आहे: २०१४ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या अॅटर्नी जनरलने न पोचलेल्या, खेळायच्या पत्त्यांच्या कॅटवरून खटला भरला. ८१० जण, २५,१४६ डॉलर. निकाल लोकांच्या बाजूने लागला.

मोठ्या रकमांत अटींची भाषा निर्णायक ठरते. 'स्टार सिटिझन'च्या आधीच्या अटींत ठरावीक महिन्यांत गेम न आल्यास परताव्याची वाट होती, २०१६ च्या बदलात ती मुदत गेली. २०१८ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या छोट्या दाव्यांच्या न्यायालयात एका वर्गणीदाराने साडेचार हजार डॉलर परत मागितले आणि तो हरला. अटींमध्ये वाद लवादाकडे नेण्याचं कलम होतं, तेवढ्यावर निकाल लागला. अटी वाचायचा कंटाळा असेल तर निदान 'आर्बिट्रेशन' आणि 'रिफंड' हे दोन शब्द त्या पानावर शोधून तेवढे परिच्छेद वाचावेत.

भारतातून पैसे देणाऱ्यांसाठी थोडं. 'स्टार सिटिझन'चा सगळ्यात स्वस्त संच साधारण ४५ डॉलरचा असतो, आणि बहुतेक जहाजं गेममध्येच कमावलेल्या खोट्या चलनावर मिळवता येतात, त्यामुळे त्याहून महाग काही घेण्याची खेळण्यासाठी गरज नाही. वर्षातून काही वेळा 'फ्री फ्लाय'चे फुकट दिवस असतात. आपला संगणक तेव्हाच तपासावा: एसएसडी हवीच, त्यावर १०० जीबीच्या वर जागा, मेमरी किमान १६ जीबी आणि खरं तर ३२. फुकटच्या दिवसांत गर्दीने सर्व्हर दमतात, तेव्हा अडखळण्यातला थोडा दोष गर्दीला द्यावा.

किकस्टार्टरवर दुसरा एखादा गेम आवडला तर डॉलरच्या भावावर बँक परकीय चलनाचा अधिभार आणि त्यावर जीएसटी लावते, तो धरून किंमत बघावी. कार्डावरचे पैसे बटण दाबल्या दिवशी जात नाहीत, मोहीम यशस्वी होऊन संपल्यावर जातात. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंदच येतात, बँकेच्या अॅपमध्ये जाऊन चालू करावे लागतात. ते राहून गेलं तर शेवटच्या दिवशी कार्ड नाकारलं जातं. सुधारायला सात दिवस मिळतात. तेवढ्यात जमलं नाही तर तुमचं नाव यादीतून गळतं आणि बनवणाऱ्याच्या हिशेबातून तेवढे ६२ डॉलर.